पाळी चुकल्यापासून कळा सुरू होईपर्यंत : पहिलटकरणीच्या नेहमीच्या शंका

तपासणी संपल्यावर डॉक्टर "काही विचारायचंय का?" असे म्हणतात, तेव्हा बहुतेक पहिलटकरणी मान हलवून "नाही" म्हणतात, आणि दवाखान्याचा जिना उतरताना त्यांना चार शंका आठवतात. मग त्या शंका सासूबाईंकडे, शेजारच्या काकूंकडे आणि रात्री मोबाइलकडे जातात, आणि प्रत्येकाकडून वेगळे उत्तर मिळते. हा लेख त्या जिन्यावर आठवणाऱ्या शंकांसाठी आहे. कोणते औषध घ्यावे आणि किती घ्यावे हे तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. येथे मुख्यतः एवढेच पाहायचे आहे की कोणता त्रास पुढच्या तपासणीपर्यंत थांबू शकतो, कोणत्या त्रासासाठी दुसऱ्या दिवशी फोन करावा आणि कोणत्या त्रासासाठी रात्री दोन वाजतासुद्धा घराबाहेर पडावे. त्यासाठी पहिल्याच दिवशी शंभर पानी वही घ्यावी आणि तिच्यात शंका, वजन, रक्तदाब व तारखा लिहीत जावे. पुढे अनेक ठिकाणी या वहीचा उल्लेख येईल.

पहिला पंधरवडा : खात्री आणि तारीख

पाळी चुकल्यावर घरच्या घरी करायची लघवीची चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीवर करावी. दुसरी रेघ फिकट आली तरी तिचा अर्थ बहुधा होकारच असतो. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी. होकार आल्यावर तपासणीसाठी तीन महिने थांबण्याची पद्धत अनेक घरांत अजून आहे. नातेवाइकांना बातमी उशिरा सांगायला काहीच हरकत नाही, मात्र डॉक्टरांना ती लगेच सांगावी. बाळाच्या मेंदूची व मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होईपर्यंत हे महत्त्वाचे काम उरकलेले असते. म्हणूनच दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड दिवस राहण्याच्या आधीपासून घेणे उत्तम, आणि ते राहून गेले असेल तर कळल्या दिवसापासून सुरू करावे. मधुमेह, फिट येणे, थायरॉइड किंवा रक्तदाब यांसाठी आधीपासून औषध चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. त्यांतली काही औषधे बदलावी लागतात आणि थायरॉइडच्या गोळीची मात्रा तर बहुधा वाढवावी लागते, म्हणून पहिल्या भेटीला त्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत.

प्रसूतीची अंदाजे तारीख काढण्याचे गणित सोपे आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च येते, आणि हे अंतर २८० दिवसांचे असते. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरवशाची असते. एकदा अशी तारीख निश्चित झाली की आठव्या किंवा नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख दिसली तरी घाबरू नये, कारण शेवटच्या तिमाहीत बाळाच्या मापावरून काढलेली तारीख मागेपुढे होतेच.

आणखी एक घोळ मोजण्याच्या पद्धतीमुळे होतो. घरात "सातवा लागला" असे म्हणतात, त्याचा अर्थ सहा महिने पूर्ण झाले असा असतो, आणि डॉक्टर मात्र पूर्ण झालेले आठवडे मोजतात. त्यामुळे फोनवर "सातवा चालू आहे" असे सांगण्याऐवजी "२७ आठवडे पूर्ण झाले" असे सांगावे. वहीच्या पहिल्या पानावर दर सोमवारी हा आकडा लिहिण्याची सवय लावली तर तो आयत्या वेळी आठवावा लागत नाही.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस आणि लघवी यांच्या तपासण्या होतात. गडचिरोली, नंदुरबार, पालघर यांसारख्या जिल्ह्यांत आणि एकूणच विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चुकवू नये, आणि तशाच थॅलेसेमियाची तपासणीही एकदा करून घ्यावी. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर तो शब्द वहीत लाल शाईने लिहावा. अशा वेळी आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून साधारण २८ आठवड्यांना अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा देतात. मध्येच रक्तस्राव झाला किंवा गर्भपात झाला तरीही या इंजेक्शनबद्दल विचारायचे असते, आणि त्या धावपळीत नेमके हेच विसरले जाते.

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवल्यावर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या स्त्रियांनीही गावातल्या आशा ताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नोंद करावी असे माझे मत आहे, कारण लसीकरण, रुग्णवाहिका आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५,००० रुपये या सर्वांची वाट त्या नोंदीतून जाते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते.

पहिले तीन महिने : उलट्या आणि डाग

मळमळ व उलट्या बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतात. रिकाम्या पोटी त्रास वाढतो, म्हणून उशाशी डब्यात चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या किंवा टोस्ट ठेवून अंथरुणातून उठण्यापूर्वीच दोन घास खावेत, आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खात राहावे. फोडणीचा वास सहन होत नसेल तर त्या काळात स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा. याला नखरा म्हणू नये हे घरच्यांनीही समजून घ्यावे. उलटीवर गर्भावस्थेत चालणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत, त्यामुळे त्रास सोसत राहण्यात काहीच शहाणपण नाही. मात्र दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी व गडद पिवळी होत असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन भराभर घटत असेल, तर सलाइनची गरज असू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या काळात अंगावर हलका डाग दिसणे बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत घडते आणि त्यांतल्या अनेकींची गर्भावस्था पुढे सुरळीत पार पडते. तरीही प्रत्येक डाग डॉक्टरांना कळवायचाच असतो. त्याचा रंग, तो केव्हा दिसला आणि किती पॅड भिजले हे लिहून ठेवावे. डागासोबत पोटात एका बाजूला तीव्र दुखत असेल, खांद्यात कळ येत असेल किंवा भोवळ येत असेल, तर गर्भ गर्भनलिकेत राहिलेला असण्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे आणि घरी आडवे पडून राहिल्याने ती टळत नाही.

गोळ्या : लोह, कॅल्शियम आणि मधला चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ या फेरीत भारतातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे निम्म्याहून अधिक. गर्भावस्थेत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि ७ च्या खाली गेले की तो तीव्र समजतात. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायला सांगतात, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. बाळंतपणानंतरही ती तितकेच दिवस घ्यायची असते. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा जेवणानंतर देतात.

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही, याचे उत्तर अनेकदा स्वयंपाकघरात सापडते. सकाळी नाश्ता, त्यावर लोहाची गोळी, लगेच कॅल्शियमची गोळी आणि शेवटी चहा, असा क्रम मी कितीतरी घरांत पाहिला आहे. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह शरीरात शोषले जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्या गोळीचा मोठा भाग वाया जातो. या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीसोबत घ्यावी आणि चहा गोळीच्या तासभर आधी किंवा तासा-दोन तासांनी प्यावा. सकाळी मळमळत असेल तर हीच गोळी रात्री झोपताना घेतलेली चालते. शौचाला काळे होणे हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे आणि त्याला भिऊन गोळी बंद करू नये. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी, पालेभाज्या व भिजवलेल्या मनुका वाढवाव्यात, आणि तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना गोळी बदलून मागावी. रक्तक्षय बराच असेल आणि दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून लोह देण्याचा पर्याय असतो.

धनुर्वात आणि घटसर्प यांपासून बचाव करणाऱ्या टीडी लसीची पहिली मात्रा नोंदणीच्या वेळी आणि दुसरी चार आठवड्यांनी देतात. ताप, अंगदुखी किंवा डोकेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आपल्या मनाने आणू नये. तापासाठी सामान्यतः पॅरासिटामॉलच देतात. पावसाळ्यातल्या तापात तर डेंग्यू आणि मलेरिया या दोन्ही शक्यता डोक्यात ठेवून पहिल्याच दिवशी रक्त तपासावे. याउलट रक्तदाबाचा धोका असलेल्या काही स्त्रियांना डॉक्टर स्वतःच कमी मात्रेचे अॅस्पिरिन देतात, ते मात्र "गर्भात अॅस्पिरिन चालत नाही" असे कोणी म्हटले म्हणून थांबवू नये. काढे, चाटण आणि घरगुती औषधे "आयुर्वेदिक आहे" एवढ्या भरवशावर घेऊ नयेत आणि घेत असाल तर ते लपवू नये.

खाणे, डोहाळे आणि उपवास

"दोन जिवांचे खा" हा सल्ला प्रेमाचा आहे, हिशेबाचा नाही. गर्भवतीला रोजच्या आहारापेक्षा सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात आणि एक भाकरी, वाटीभर उसळ व थोडे दही एवढ्यात त्या भागतात. वजन बेताचे असलेल्या स्त्रीचे नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वजन वाढले तर ते योग्य समजतात. आधीच वजन जास्त असेल तर कमी वाढ पुरते, आणि कृश स्त्रीने अधिक वाढवावे.

पपईबद्दल विचारले नाही अशी पहिलटकरीण मला भेटलेली नाही. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून कच्ची व अर्धवट पिकलेली पपई टाळावी. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भपात होतो याला आधार नाही. एखादीने नकळत खाल्ली असेल तर तिने रात्र जागून काढू नये. तीळ, बाजरी, अंडी यांना "उष्ण" म्हणून सरसकट बंद करणे तर नुकसानीचे आहे, कारण लोह, कॅल्शियम व प्रथिने त्यांतूनच मिळतात. केशराच्या दुधाने बाळ गोरे होत नाही, ते दूध म्हणून प्यावे. कोकणात व गोव्यात मासे जरूर खावेत, पण पूर्ण शिजवून खावेत. बांगडा, तारली, मांदेली असे लहान मासे चांगले आणि मोरी म्हणजे शार्कसारखे मोठे शिकारी मासे, ज्यांत पारा साचतो, ते टाळावेत. न उकळलेले दूध आणि अर्धकच्ची अंडी नकोत. पाणी उकळून प्यावे, कारण दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी सौम्य असली तरी गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

डोहाळ्यांचे कौतुक चिंच-कैरीपर्यंत ठीक आहे, पण काहींना माती, चुलीतली राख, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. ही इच्छा बहुतेक जणी लपवतात. पदराच्या टोकाला पेन्सिलीचे तुकडे बांधून ठेवणारी एक मुलगी मी पाहिली होती. तिचे हिमोग्लोबिन ७.४ निघाले. अशी ओढ अनेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते, आणि मातीतून जंत व शिसे पोटात जाण्याचा धोका असतो. लाज न बाळगता ती सांगावी, म्हणजे रक्ताची तपासणी होईल आणि दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळीही मिळेल.

मिश्री लावण्याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. ती गिळली नाही तरी तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, त्यामुळे बाळाचे वजन कमी भरणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळ पोटात दगावणे यांचा धोका वाढतो. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" हे उत्तर ज्या घरात मिळते तेथे हा विषय आधी काढावा. दारूचे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही, म्हणून ती पूर्ण बंद. चहा दोन-तीन कपांपर्यंत चालतो.

हरतालिकेचा निर्जळी उपवास गर्भावस्थेत करू नये. पाणी न पिता दिवस काढल्याने चक्कर येते, लघवीचा संसर्ग बळावतो आणि पोट घट्ट होऊ लागते. चतुर्थी किंवा एकादशी करायचीच असेल तर दूध, फळे, राजगिरा व शेंगदाणे यांवर करावी. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, आणि ज्यांना गर्भावस्थेतला मधुमेह आहे त्यांची साखर त्याने झपाट्याने चढते. ग्रहणाच्या वेळी भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो ही समजूत निराधार आहे. एका खोलीत कित्येक तास उपाशी व तहानलेले बसवून ठेवल्यानेच गर्भवतीला त्रास होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्यावर वाद घालण्यापेक्षा "डॉक्टरांनी दर दोन तासांनी खायला सांगितले आहे" हे वाक्य जास्त उपयोगी पडते, आणि ते खरेही असते.

साखरेची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. तिच्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. या पद्धतीत उपाशीपोटी जाण्याची गरज नसते, आणि साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आल्यास गर्भावस्थेतला मधुमेह समजून आधी आहार व चालणे यांवर भर देतात.

सोनोग्राफीचा कागद कसा वाचावा

सोनोग्राफीच्या दोन वेळा चुकवू नयेत. पहिली ११ ते १३ आठवड्यांची आणि दुसरी १८ ते २० आठवड्यांची, जिच्यात बाळाचे अवयव तपासले जातात. सोनोग्राफीच्या लहरींमध्ये क्ष-किरण नसतात. बाळ मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कुटुंबातल्या कोणी तशी मागणी केली तर तीही त्यात येते.

कागद हातात आल्यावर तो घरी नेऊन मोबाइलवर एकेक शब्द शोधण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. त्यात नेहमी दिसणारे काही शब्द असे : "सेफॅलिक" म्हणजे बाळाचे डोके खाली आहे, "ब्रीच" म्हणजे पायाळू आहे, "लिकर अॅडिक्वेट" म्हणजे पाणी पुरेसे आहे, आणि "एफएचआर १४८" म्हणजे हृदयाचे ठोके मिनिटाला १४८ आहेत, जे योग्य आहेत, कारण ते साधारण ११० ते १६० असावेत. विसाव्या आठवड्यात बाळ पायाळू दिसले तर त्याला काहीही महत्त्व नाही, ते अजून अनेकदा फिरणार असते. त्याच सुमारास "लो लाइंग प्लासेंटा" म्हणजे वार खाली आहे असे लिहिलेले असले तरी बहुतेक जणींच्या बाबतीत गर्भाशय वाढते तशी वार वर सरकते. साधारण ३२ आठवड्यांना ते पुन्हा पाहतात, आणि तोवर शरीरसंबंध, प्रवास व जड उचलणे यांबद्दल डॉक्टर जे सांगतील ते पाळावे. मध्येच लाल रक्त दिसले तर मात्र थांबू नये.

"गळ्यात नाळेचा वेढा" या शब्दांनी सर्वाधिक रडारड होते. असा वेढा अनेक बाळांच्या मानेभोवती असतो, तो सुटतो व पुन्हा पडतो, आणि बहुतेक बाळे त्यासह नैसर्गिकरीत्या जन्माला येतात. बाळ पोटात फुप्फुसांनी श्वास घेत नसते, त्यामुळे फास बसल्यासारखे जे चित्र डोळ्यांपुढे येते ते खरे नाही. केवळ त्या एका ओळीवरून सिझेरियनचा आग्रह धरू नये.

नेहमीचे, थांबू शकणारे त्रास

छातीत जळजळ, पायात गोळे, कंबरदुखी, वारंवार लघवी, संध्याकाळी पावलांवर सूज, हिरड्यांतून थोडे रक्त आणि अंगावर पांढरे जाणे हे त्रास बहुतेकींना होतात आणि पुढच्या तपासणीपर्यंत थांबू शकतात. रात्रीचे जेवण लवकर व थोडे घ्यावे, पाय उशीवर ठेवावेत आणि डाव्या किंवा उजव्या कुशीवर झोपावे. २८ आठवड्यांनंतर उताणे झोपू नये. झोपेत उताणे झाल्याचे जाग आल्यावर कळले तर कूस बदलावी, एवढेच पुरे. पांढऱ्या पाण्याला वास येत असेल किंवा खाज सुटत असेल, तसेच लघवीला जळजळ होत असेल, तर दुसऱ्या दिवशी फोन करावा. घरकाम, चालणे आणि, डॉक्टरांनी मना केले नसेल तर, शरीरसंबंध सुरू ठेवण्यास हरकत नसते. मोटारीत पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न घेता पोटाखाली मांड्यांवर बसवावा. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीची मागची सीट शक्यतो टाळावी, कारण तेथे खरा धोका हादऱ्यापेक्षा पडण्याचा असतो.

सतत रडू येणे, झोप उडणे आणि कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तेही वहीत लिहून डॉक्टरांना सांगावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

ताबडतोब निघायचे ते केव्हा

हा भाग पतीने आणि घरातल्या आणखी एका माणसाने वाचावा, कारण अशा वेळी निर्णय बहुधा गर्भवती एकटी घेत नाही.

वीस आठवड्यांनंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, या खुणा वाढलेल्या रक्तदाबाच्या असू शकतात. संध्याकाळी पाय सुजणे वेगळे आणि काल सहज फिरणाऱ्या बांगड्या आज सकाळी मनगटात रुतणे वेगळे. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर त्याच दिवशी तपासणी हवी, आणि वरच्या खुणा सोबत असतील तर वाट पाहण्यात आकडी येण्याचा धोका असतो. "पित्त झालंय, झोपली की बरं वाटेल" या वाक्यात अनेकदा मोलाचे तास जातात, कारण वरच्या पोटातले हे दुखणे पित्तासारखेच वाटते.

दुसरी खूण बाळाच्या हालचालींची. पहिलटकरणीला त्या साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागतात आणि २८ आठवड्यांपर्यंत बाळाची एक लय ठरते. हालचाल कमी वाटली तर काहीतरी खाऊन, कुशीवर निवांत पडून मोजावे. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा नेहमीची लय अचानक बदलली, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, दवाखान्यात जावे. "शेवटी शेवटी जागा नसते म्हणून बाळ हलत नाही" हे घरोघरी सांगितले जाते आणि ते चूक आहे. शेवटच्या आठवड्यांत हालचालींचा प्रकार बदलतो, लाथांऐवजी वळवळ जाणवते, पण त्यांची संख्या कमी होता कामा नये.

याशिवाय लाल रक्त जाणे, ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी नियमित अंतराने पोट घट्ट होणे, पाणी जाणे, थंडी वाजून ताप, धाप लागणे, एकाच पोटरीत दुखून सूज येणे आणि आकडी, यांपैकी काहीही झाले तर लगेच निघावे. पुरळ नसताना तळहात व तळपायांना रात्री असह्य खाज सुटत असेल तर यकृताची तपासणी लागते. ती दुसऱ्या दिवशी केली तरी चालते, पण आठवड्यावर ढकलू नये. वाहनासाठी महाराष्ट्रात १०८ आणि गर्भवतींसाठी १०२ हे क्रमांक आहेत. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि घरी परतण्याचे वाहन मोफत आहे.

माहेरी जाताना

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत चांगली आहे, पण तिच्यात एक फट राहते. सहा-सात महिने एका डॉक्टरांकडे तपासणी होते आणि डोहाळेजेवणानंतर मुलगी दुसऱ्या गावी जाते, तेव्हा साडी, ओटी आणि लाडू बरोबर जातात, फाइल मात्र सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांना मग रक्तगटापासून सुरुवात करावी लागते. जाण्यापूर्वी सर्व अहवालांचे फोटो पतीच्या व आईच्या मोबाइलमध्ये ठेवावेत, मूळ कागद व वही स्वतःच्या पिशवीत घ्यावी आणि माहेरच्या डॉक्टरांना कळा सुरू होण्याआधी किमान दोनदा भेटावे. त्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात का, सिझेरियनची व रक्ताची सोय आहे का, नसल्यास पुढे कोठे पाठवतात, हे पहिल्याच भेटीत विचारावे. लांबचा प्रवास ३६ आठवड्यांनंतर टाळावा. विमान कंपन्या शेवटच्या तिमाहीत डॉक्टरांचे पत्र मागतात आणि प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. नोकरी करणाऱ्या स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि तिच्यातले आठ आठवड्यांपर्यंत प्रसूतीपूर्वी घेता येतात.

कळा सुरू झाल्यावर

खोट्या कळा अनियमित असतात आणि फेऱ्या मारल्यावर किंवा पाणी पिऊन पडल्यावर थांबतात. खऱ्या कळा कमरेकडून पुढे येतात, त्यांचे अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की पहिलटकरणीने निघावे, आणि दवाखाना दूर असेल तर त्याहून आधी. कळांच्या वेळा वहीच्या शेवटच्या पानावर घड्याळ पाहून लिहाव्यात. रक्ताचे धागे असलेला चिकट स्राव दिसणे ही प्रसूती जवळ आल्याची नेहमीची खूण आहे. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघावे, वेळ लिहावी, स्वच्छ पॅड लावावा आणि पाण्याचा रंग पाहावा. ते हिरवट किंवा लालसर असेल तर तसे आधी फोनवर कळवावे.

दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर सोबतच्या माणसाने फाइल पुढे करून एका दमात एवढे सांगावे : किती आठवडे पूर्ण झाले, कळा किती वाजता सुरू झाल्या, पाणी गेले का व कोणत्या रंगाचे, बाळ शेवटचे केव्हा हलले, रक्तगट कोणता, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे आणि शेवटचे खाणे केव्हा झाले. मोटार लावायला गेलेल्या माणसाकडे फाइल राहू देऊ नये.